स्कुबाच्या सामानाचं सर्व्हिसिंग, यात करिअर होतं का?

प्रश्न : मी मालवणचा, आयटीआय फिटर. दोन सीझन तारकर्लीला स्कुबाच्या बोटीवर काम केलं. सामान दुरुस्ती शिकायचीय, कुठून सुरू करू?

उत्तर : मित्रा, फिटरचा हात या कामात खूप उपयोगी पडतो. रेग्युलेटर म्हणजे काय, तर सिलेंडरमधली 200 बार दाबाची हवा त्याचा पहिला भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, साधारण 10 बारवर आणते नि सेकंड स्टेज तोंडाशी श्वासापुरती देते, आता आत मीठ धरलं किंवा ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी रिंग) झिजली तर पाण्याखाली माणसाचा जीवच धोक्यात. म्हणून यूट्यूब बघून रेग्युलेटर उघडू नकोस, प्लीज! पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा इक्विपमेंट स्पेशालिस्ट कोर्स चांगलाय, पण त्याने टेक्निशियन होत नाहीस, नुसती ओळख होते. खरं ट्रेनिंग स्कुबाप्रो, मारेससारख्या कंपन्या आपापल्या मॉडेलचं देतात, तेही बहुतेकदा अधिकृत डीलरकडे कामाला असशील तरच, त्यामुळे आधी तिथे चिकट. विक्रीही तिथेच शिकशील, म्हणजे मास्क पट्टा न लावता चेहऱ्याला धरून नाकाने श्वास ओढला की चिकटून राहतो का बघायचं, वगैरे. पावसाळ्यात आपल्याकडे डायव्हिंग बंद असतं, सर्व्हिसिंगला तेच दिवस बरे. सिलेंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची तपासणी, मात्र मान्यताप्राप्त सेंटरकडूनच.