डूडल करणे म्हणजे गिरगोट्या मारणे

परभणीच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न: ‘शाळेत डूडल स्पर्धा घेतोय, विषय पाणी वाचवा. डूडल करण्याला मराठीत काय म्हणावं आणि हा शब्द आला कुठून?’

बाई, स्पर्धा जरूर घ्या, पण तिला चित्रकला स्पर्धा म्हणा. विषय दिला, रंगपेटी दिली, परीक्षक बसवले की डूडल तिथंच संपलं! लक्ष भलतीकडे असताना हात आपोआप कागदावर काढत राहतो ते डूडल. हा घोळ गूगलचा. 1998 पासून ते आपल्या नावाची अक्षरं प्रसंगानुसार सजवतात आणि पगारी चित्रकारांनी विचार करून काढलेल्या त्या चित्रांना डूडल म्हणतात. मग काय, आपल्याकडंही किनवटपासून औशापर्यंत दिसेल त्या गोंडस चित्राला डूडल म्हणणं सुरू झालं.

क्रियापदाचा हा अर्थ रुळवला 1936 च्या ‘मिस्टर डीड्स गोज टू टाउन’ या अमेरिकन चित्रपटानं. नायक वेडा आहे की शहाणा, यावर कोर्टात सुनावणी चाललेली. तो साक्षीला आलेल्या डॉक्टरांनीच गिरगटलेला कागद पुढं करतो. न्यायाधीशांनाही सांगतो की तुम्ही छापील ‘ओ’ची पोटं भरत बसता. आपल्याकडं बैठकीत विषयपत्रिकेवरच्या ‘व’ आणि ‘ठ’ची पोटं काळी करत बसलेले साहेब बघा. अस्सल डूडलवाले तेच.

त्याआधी सतराव्या शतकापासून इंग्रजीत डूडल म्हणजे बावळट माणूस. ‘यँकी डूडल’ या अमेरिकन गाण्यातला डूडल हाच. त्याचं मूळ उत्तर जर्मनीच्या बोलीत दाखवतात, ते ठीक. पण काही कोशकार रेंगाळणं या अर्थाच्या ‘डॉडल’शी चित्रांच्या डूडलची सोयरीक जुळवतात, ती मला मुळीच मान्य नाही. नुसता ध्वनी जुळला म्हणून पत्रिका जुळत नसते.

माझं मत विचाराल तर ‘डूडेलझाक’ बघा! जर्मनमध्ये बॅगपाइपला, म्हणजे हवेची पिशवी दाबून वाजवायच्या वाद्याला, हे नाव, आणि ‘डूडल्न’ म्हणजे तेच ते वाजवत राहणं. इंग्रजांनीही बॅगपाइपला डूडलसॅक म्हटलेलं आहे. जर्मन शब्दामागं पोलिश-चेक ‘दुदी’, आणि त्याहीमागं काही जण तुर्की ‘दूदूक’ म्हणजे पावा शोधतात. कुठून कुठं गेला बघा शब्द! लग्नात सनईवाल्याशेजारी एकच सूर धरून बसलेला जोडीदार आठवा. गालफुगीर, नजर मांडवाच्या झालरीवर, सूर मात्र अखंड. बैठकीतलं पेन तसंच चालतं. सगळेच कोशकार इथवर येत नाहीत. न येवोत, मला ही व्युत्पत्ती सोडवत नाही.

हां, मराठी शब्द राहिलाच. गिरगोट्या मारणं किंवा गिरगटणं. रेघोट्या ओढणंही चालेल. गिरवणं नको, त्यात लक्ष लागतं. आणि ‘मनोरेखन’सारखं काही घडवायच्या फंदात पडू नका, बक्कळ शब्द आहेत आपल्याकडं.

वहीच्या मागच्या पानावर गिरगोट्या मारणारं लेकरू दिसलं तर खडू फेकून मारू नका. जॅकी अँड्रेड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2009 मध्ये 40 जणांना फोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार भरायला सांगितले होते. त्यांना नंतर बाकीच्यांपेक्षा 29 टक्के जास्त आठवलं.