माहेर, आहेर आणि साल्हेर

प्रिय मावशी,

मला सातवा महिना लागलाय आणि घरात लढाई जुंपलीय. हसतखेळतच, पण रोजची. नवऱ्याला गडकिल्ल्यांचं वेड आहे. ते लग्नाआधीच माहीत होतं, त्यामुळे फसवणूक झाली असं म्हणता येत नाही. आता तो म्हणतो, बाळाचं नाव साल्हेर ठेवायचं. मुलगा झाला तरी साल्हेर, मुलगी झाली तरी साल्हेर. मी म्हटलं, ‘ना माहेर, ना आहेर, हे साल्हेर कुठून काढलंस?’ तर मला गडाची उंची सांगायला लागला. दुसरं झालं तर शेजारच्या गडावरून सालोटा, हेही त्याने ठरवून टाकलंय.

मला चार लोकांना एकदा सांगून कळेल असं नाव हवंय. मुलगी झाली तर रेवा, मुलगा झाला तर अर्णव. तो म्हणतो, बालवाडीत ‘अर्णव’ अशी हाक मारली तर अर्धा वर्ग उभा राहील. सासूबाई म्हणतात, ‘नावरस येईल त्या अक्षरावरून ठेवा. गडाचं नाव ठेवून आम्ही काय पायथ्याशी बसायचं?’ नणंद म्हणते, ‘आत्या मी आहे, कानात काय सांगायचं ते माझं मी बघीन.’ डोहाळजेवणाला मी उचललेल्या वाटीखाली बर्फी निघाली, तर हा सगळ्यांसमोर ओरडला, ‘आली साल्हेरबाई!’

एक सांगायचं राहिलं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही साल्हेरला गेलो होतो. वाघांब्याहून चढताना सालोट्याच्या खिंडीतच माझे पाय गळाले. मी बसले, तोही बसला. माथा काही झाला नाही. त्यामुळे ते नाव ऐकलं की मला माझं धापा टाकणंच आठवतं. आणि गंमत म्हणजे परवा पोटात जोराची लाथ बसली आणि माझ्याच तोंडून निघालं, ‘अरे साल्हेरा, हळू!’ तेव्हापासून नवरा गड जिंकल्यासारखा घरभर फिरतोय. काय करू?

– खिंडीत बसलेली, नाशिक

अगं खिंडीतले,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा हसण्यासाठी, आणि एकदा तुझा नवरा नेमका कुठे चुकलाय ते शोधण्यासाठी.

गडाच्या निवडीत तो चुकलेला नाही, एवढं कबूल करावं लागेल. बागलाणातला साल्हेर 1567 मीटर उंच, सह्याद्रीतला सगळ्यात उंच किल्ला. महाराष्ट्रात त्याच्याहून उंच फक्त कळसूबाईचं शिखर, 1646 मीटर. 1672 साली मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच्याच पायथ्याशी. आणि 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यातही साल्हेर आहे. हे सगळं तुला तोंडपाठ असणार, कारण गेले सात महिने तू दुसरं काही ऐकलेलं दिसत नाहीस.

त्याचं पुढचं अस्त्र कुठलं असेल तेही सांगून ठेवते: शिवाई. शिवनेरीवरच्या शिवाईदेवीवरून शिवाजी हे नाव ठेवलं, मग आपण गडावरून ठेवलं तर बिघडलं कुठे? उत्तर तयार ठेव. जिजाऊंनी देवीचं नाव घेतलं. मुलगा शिवनेरीवर जन्मला म्हणून त्याचं नाव शिवनेरी ठेवलं नाही. आणि एवढ्यावर तो गप्प बसला नाही, तर त्याला प्रचंडगडाची गोष्ट विचार. महाराजांनी किल्ल्यांना नवी नावं दिली. मुरुंबदेवाचा राजगड झाला, रायरीचा रायगड झाला, आणि दोन्ही नावं लोकांच्या तोंडी बसली. तोरण्याचं नाव त्यांनी प्रचंडगड ठेवलं. आज स्वारगेटला उभं राहून विचार बरं, प्रचंडगडाला एसटी कुठून सुटते? लोक तोरणाच म्हणतात. छत्रपतींनी ठेवलेलं नावसुद्धा जिभेवर रुळलं नाही तर मागे पडतं, तिथे तुझ्या नवऱ्याचं काय घेऊन बसलीस!

म्हणून माझी परीक्षा जिभेची आहे. मराठी माणूस कुणाचंही नाव पूर्ण घेत नाही. महेशचा मह्या होतो, सचिनचा सच्या होतो. विनोबा भाव्यांचं पाळण्यातलं नाव विनायक, पण त्यांची आई त्यांना विन्याच म्हणायची. तेव्हा कुठलंही नाव ठरवण्याआधी त्याला शेवटी ‘या’ लावून पाहायचं आणि गॅलरीत उभं राहून मोठ्याने हाक मारायची. आता साल्हेरला लावून पाहा. लक्षात आलं? आठ-दहा वर्षांनी रविवारी सकाळी तुमच्या खिडकीखाली बॅट घेऊन चार पोरं उभी राहतील आणि ‘ए साल्या, खाली ये!’ म्हणून गल्ली दणाणून सोडतील. मुलगी झाली तर काय होईल ते मी छापूही शकत नाही. उंची आणि इतिहास सांगणाऱ्या माणसाला हे सुचत नाही, कारण तो गडाकडे खालून वर बघत असतो. नावाकडे खिडकीतून खाली बघावं लागतं.

तुझी नावंही याच गॅलरीतून जाऊ देत. अर्णवचा अर्ण्या होईल, त्यात कुणाचं काही जात नाही. रेवाची रेवडी होणार, हे लिहून ठेव. पण रेवडी उडवली तरी गोड असते. अर्णवबद्दल मात्र तुझ्या नवऱ्याचं बोलणं मला पटतं. माझ्या ओळखीत चार अर्णव आहेत, आणि त्यातले दोन एकाच जिन्यात राहतात.

बापाचं वेड मुलाच्या नावात उतरणं हे काही आजचं नाही. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हाय यांच्यावरून. सचिन तेंडुलकरांचं नाव त्यांच्या वडिलांनी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलं. पण बघ, रोहन म्हटलं की क्रिकेट न कळणाऱ्या आजीलाही ते नाव घरचंच वाटतं. वेड आत आहे, वर दिसत नाही. तुझ्या नवऱ्यालाही हे जमण्यासारखं आहे, सह्याद्रीत काय नावांची वाण आहे? महाबळेश्वरजवळ मकरंदगड आहे, भंडारदऱ्याजवळ रतनगड आहे, पालीजवळ सुधागड आहे. जुळं झालं तर साताऱ्यात चंदन-वंदन ही जोडी शेजारी शेजारी उभीच आहे. आणि साल्हेरच्या शेजारचा मुल्हेर त्याला कसा सुचला नाही, याचंच मला नवल वाटतं. त्यात निदान मूल तरी आहे! (मुल्हेर ठेव असं मी म्हणत नाही. त्याला दाखवू नकोस हे वाक्य.)

कागदावर मधे कुठेतरी साल्हेर घुसवू, अशी तडजोड तो सुचवेल. तिथे जागा नाही. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं, आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचंही नाव लागतं. आधी बाळाचं, मग तुझं, मग त्याचं, मग आडनाव. तुमच्या दोघांच्या मधे गड आणून बसवायचा असेल तर बसवा बापडे, पण बँकेतल्या त्या चौकोनी खणांची मला काळजी वाटते.

आता खिंडीकडे येते. पत्रात तू ते ‘सांगायचं राहिलं’ म्हणून शेवटी टाकलंस, मी मात्र तिथेच थांबले. गडवेडी माणसं मला चांगली माहीत आहेत. समोर माथा दिसत असताना ती बायकोला म्हणतात, ‘तू बस जरा इथे, मी पटकन जाऊन येतो.’ आमचे हे कळसूबाईला असेच पटकन गेले होते. तीन तासांनी उतरले, आणि वर ‘तू यायला हवं होतंस’ असंही म्हणाले. तुझा नवरा बसला. सालोट्याच्या खिंडीपर्यंत येऊन, वर दरवाजे, गंगासागर तलाव, परशुरामाचं देऊळ हे सगळं तसंच सोडून तुझ्या शेजारी बसला. तुला त्या नावात तुझी धाप ऐकू येते. त्याला काय ऐकू येतं, हे कधी विचारलंस? मला नाही वाटत त्याला 1672 ची लढाई आठवत असेल. उंची सांगत सुटलेला माणूस बहुतेक वेळा दुसरं काहीतरी सांगायचं टाळत असतो. आज रात्री नावाचा विषय काढू नकोस. फक्त एवढं विचार, की त्या दिवशी तू वर का गेला नाहीस. मग गप्प राहा आणि त्याला बोलू दे. तुला हे अवघड जाईल, पत्रावरून कळतंय.

त्या उत्तरानंतर कदाचित तुझं तुलाच मन बदलावंसं वाटेल. वाटलं तरी घाईने कागदावर जाऊ नकोस, साल्या तिथेच उभा आहे. पण घरातलं नाव म्हणून साल्हेरला आता तूही नाही म्हणू शकत नाहीस, बाई. लाथ बसल्यावर तुझ्याच तोंडून निघालं, आणि संबोधन सुद्धा बिनचूक: ‘साल्हेरा’! घरात एक, कागदावर एक, ही आपली जुनीच रीत आहे. फक्त एक सावधगिरी सांगते. लोकमान्य टिळकांचं खरं नाव केशव. घरात ‘बाळ’ म्हणायचे, आणि इतिहासात बाळ गंगाधर टिळकच राहिले. तेव्हा घरातलं नाव घरातच राहील, याची हमी माझ्याकडे मागू नकोस. आमच्या चिरंजीवांना आम्ही बटू म्हणायचो. आता ते सहा फुटांचे झालेत, आणि परवा त्यांच्या ऑफिसातल्या एका मुलाने मला फोनवर विचारलं, ‘बटूसर आहेत का?’

सासूबाईंना तू एकटीने समजवायला जाऊ नकोस, नवऱ्याला पाठव. त्याने त्यांना एवढंच सांगावं की, आई, पूर्वी मुलाला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावं ठेवायचे ना? साल्हेर म्हणजे त्यातलाच, फक्त किल्ल्यांमधला सगळ्यात उंच दगडू. त्या हसल्या तर निम्मं काम झालं. नावरसाचं अक्षर तर बाळ जन्मून नक्षत्र-चरण कळल्याशिवाय निघतच नाही. तोवर त्यांना आणि तुम्हाला, दोघांनाही विश्रांती.

नणंदेशी मात्र आत्ताच तह कर. बारशाला सगळ्यात मोठी सत्ता तिच्या हातात आहे. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं, पाठीत गुद्दे बसायला लागले, की त्या गडबडीत ती कानात काय कुर्रर्र करेल ते तिलाच माहीत. तिला सांग, एक सोडून तीन नावं सांग. सासूबाईंचं नावरसाचं, तुमचं कागदावरचं, आणि तिच्या दादाचं साल्हेर. गुद्दे तिप्पट खावे लागतील, हे आधी तिच्या कानावर घाल, म्हणजे नंतर रुसवा नको.

आणि कागदावरच्या नावासाठी इतकी झोप उडवायची गरज नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते. नाव पुढे वर्षभरात भरलं तरी शुल्क पडत नाही. तेव्हा बाळ आलं की महिना-दोन महिने त्याच्या तोंडाकडे बघा. रेवा दिसते की मकरंद दिसतो, ते आत्ता पोटावर हात ठेवून कळणार नाही. जे नाव झोपेतून उठून, दूध उतू जात असताना, दोघांच्याही तोंडून न अडखळता निघेल ते लिहा.

सालोट्याला मात्र आत्ताच, सातव्या महिन्यातच, स्वच्छ नाही म्हणून ठेव.

– तुझी मावशी