जुन्या ट्रायम्फला पेट्रोलचे नवे कॉक कुठले घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहता, १९६८ ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२० मोटारसायकल नुकतीच घेतलीत, टाकीखालचे दोन्ही पितळी कॉक (पेट्रोल चालू-बंद करायच्या तोट्या) ठिबकतात. ऑनलाइन शोधायला गेलात तर दाबायचे, ओढायचे, फिरवायचे असे डझनभर प्रकार समोर आले आणि किमतीत एकाच्या चौपट दुसरा. कुठला घ्यावा?

कॉक नंतर बघू. आधी एक सांगा, गाडी बाहेर किती वेळा निघते? दर रविवारी, की वर्षातून चार वेळा, ऊन पडलं की? माझं उत्तर यावरच ठरतं, किमतीवर नाही.

तुमच्या फोटोत दिसतात ते इवर्ट्स पद्धतीचे कॉक. आडवी दांडी, तिच्या एका टोकाला षटकोनी गुंडी, दुसऱ्याला गोल. एकीकडून दाबलं की चालू, दुसरीकडून दाबलं की बंद. दोन टोकं दोन आकारांची, म्हणजे हातमोजे घालून, खाली न बघता, चालत्या गाडीवरही बोटांना कळतं की आपण कुठलं टोक दाबतोय. आत दांडीवर बुचाचा दट्ट्या असतो. बाटलीला लावतात तेच बूच, दुसरं काही नाही. पेट्रोलमध्ये भिजलं की ते फुगतं आणि पितळी नळीत घट्ट बसतं. टाकी रिकामी राहिली, गाडी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चादरीखाली उभी राहिली, की तेच बूच सुकून आक्रसतं. मार्चमध्ये पेट्रोल भरलं की ठिबकायला लागतं आणि मालकाला वाटतं, कॉक गेला.

माझी बीएसए ए६५, तीही जुनी ब्रिटिश मोटारसायकल, दर वर्षी हेच नाटक करते. पहिल्या वर्षी मी घाबरून नवे कॉक मागवले. ते येईपर्यंत तीन दिवस गेले आणि तेवढ्यात जुने आपोआप कोरडे झाले, कारण बूच पुन्हा भिजून फुगलं होतं. तेव्हा तुम्हीही आधी टाकी भरा, खाली पत्र्याचा डबा ठेवा आणि एक रात्र जाऊ द्या. हे उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि इथल्या बऱ्याच गॅरेजांत भिंतीवर गॅसचा बॉयलर असतो. पुढचं सांगायची गरज नाही.

सकाळीही ठिबकत असेल तर नेमकं कुठून, ते शोधा. कॉक पुसून कोरडा करा आणि बाहेरून खडूची पूड फासा. पेट्रोल जिथून येतं तिथून पांढऱ्यावर ओली रेघ खाली उतरते. रेघ वरून, टाकीच्या आट्यांपासून निघाली तर दोष वायसरचा. खालच्या नळीच्या नटातून निघाली तर तिथली बैठक खराब आहे. या दोन्हींत कॉक निर्दोष आहे, तो बदलून काही होणार नाही. दांडीच्या टोकाकडून आली, किंवा बंद असतानाही नळीत पेट्रोल उतरत राहिलं, तर मात्र बूच गेलं. बूच सुटं मिळतं. उकळत्या पाण्यात थोडा वेळ टाकून मऊ करायचं आणि दांडीवर चढवायचं. जुन्या पितळी कॉकचं अंग साधारण मरत नाही, आतलं बूच मरतं. दर आठवड्याला फिरणाऱ्या माणसाने या कॉकना नवं बूच घालावं आणि पैसे टायरला ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बूच तुमच्या कामाचं नाही. तुम्ही फिरवायच्या दांडीचा, आत टेफ्लॉन किंवा व्हिटॉनची (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची) बैठक असलेला कॉक घ्या. तो सुकत नाही आणि आक्रसत नाही. दिसायला काळाशी थोडा विसंगत, पण टाकीखाली वाकून कोण बघतो? (बघणारे असतात. स्टॅफर्डच्या क्लासिक बाइक शोला गाडी घेऊन जा, तीन मिनिटांत एक आजोबा गुडघ्यावर बसून सांगतील की हा कॉक या सालातला नाही. त्यांच्यासाठी जुने कॉक फडक्यात गुंडाळून ठेवा.)

आतली बैठक कशाची आहे हे विकणाऱ्याला विचाराच. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. भारतात तर आता ई२०. इथेनॉल जुन्या जातीच्या रबराला फुगवतं, मऊ करतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. त्या पाण्याने जस्ताच्या ओतीव मिश्रधातूला आतून पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. स्वस्तातले चकचकीत क्रोमचे कॉक बहुतेक याच धातूचे असतात. हातात घेतलं की कळतं, पितळ जड लागतं. ते शक्य नसेल तर दुकानदाराला वजन विचारा, हसला तरी विचारा. पेट्रोल भरताना ९७ ऑक्टेनचं महाग सुपर घ्या. त्यात इथेनॉल ५ टक्क्यांपर्यंतच असतं. नळीही त्याच विचाराने घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी वर्षभरात पिवळी आणि कडक होते. वर आर९ छापलेली रबरी नळी दिसायला काळी आणि कंटाळवाणी, पण टिकते.

आता आटे. इथे सर्वात जास्त लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर. ब्रिटिश गाड्यांच्या टाक्यांना बहुतेक वेळा पाव इंची बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइपच्या मापाचे, आटे असतात. तुम्ही कॅलिपर लावाल तर कॉकच्या आट्याचा बाहेरचा व्यास १३.१६ मिमी भरेल आणि तुम्ही म्हणाल, हे तर अर्ध्या इंचाहून जास्त झालं, मग पाव कुठून? हे माप आट्याचं नाही, पूर्वी ज्या पाइपला तो आटा पाडत त्या पाइपच्या आतल्या भोकाचं आहे. आपल्याकडच्या नळाचंही तेच. घरातल्या ‘अर्धा इंची’ नळाचे आटे मोजून बघा, जवळजवळ २१ मिमी भरतात. लहान गाड्यांवर कधी एक अष्टमांश इंची असतं, ९.७३ मिमी, आणि कुठे कुठे तीन अष्टमांश, १६.६६ मिमी. पन्नास वर्षांत मधल्या कुणी मालकाने टाकी बदललेली असू शकते, तेव्हा पुस्तकावर विसंबू नका, स्वतः मोजा.

आणि अमेरिकन कॉक घेऊ नका. त्यांच्या पाव इंची एनपीटी (अमेरिकन पाइपच्या मापाच्या) आट्यांत इंचाला १८ वळसे, आपल्यात १९. त्यांच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा, आपला ५५ चा, शिवाय ते निमुळते असतात. गंमत अशी की पहिले दोन-तीन वळसे तो गुपचूप आत जातो. मग जड लागतो, तुम्हाला वाटतं घट्ट बसतोय, तुम्ही पाना लावून जोर करता, आणि टाकीच्या बॉसचे, म्हणजे कॉक बसतो त्या जाड तोंडाचे, आटे जातात. कॉक शंभर मिळतील, चार गॅलनची ती टाकी मात्र रंगासकट पुन्हा मिळवणं महागात जातं.

बीएसपीचे हे आटे सरळ असतात, निमुळते नाहीत. म्हणून गळती आटे थांबवत नाहीत, वायसर थांबवतो. आट्यांवर टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळू नका. ती इथे उपयोगाची नाहीच, वर तिचे तंतू सुटून सरळ कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात.

वायसर म्हटला की पुढचा त्रास: कॉक पुरता आवळला की त्याची दांडी नेमकी भलत्याच दिशेला तोंड करून थांबते. सिलिंडर हेडच्या फिन्सकडे, फ्रेमकडे, कुठेही. मग लोक अर्धा फेरा ढिला ठेवतात, आणि गळतं. इथे थोडं गणित करा. इंचाला १९ वळसे म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला कॉक १.३४ मिमी वर सरकतो. पाव फेरा हवा असेल तर ०.३३ मिमी. म्हणजे वायसर तेवढा पातळ केला की कॉक आणखी पाव फेरा फिरून हव्या दिशेला येतो. फायबरचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर घ्या, काचेवर पॉलिश पेपर ठेवा आणि त्यावर आठच्या आकारात घासत राहा, मधूनमधून मापा. दहा मिनिटांचं काम आहे, चहा निवायच्या आत होतं. आत रबराची कड असलेला बाँडेड वायसर गळती उत्तम थांबवतो, पण तो घासता येत नाही. तो वापरायचा तर कॉक नेमका कुठे थांबेल ते नशिबावर.

दोन कॉक घेताना एक गोष्ट बघा: एकाला वर टाकीत जाणारी उभी नळी हवी, दुसऱ्याला नको. उभ्या नळीवाला मुख्य, कारण त्या नळीच्या तोंडाखाली पेट्रोल गेलं की तो बंद पडतो. बिननळीचा रिझर्व्ह. दुकानदार कधीकधी दोन्ही एकाच जातीचे पाठवतात, मग गाडी रिझर्व्हला येतच नाही, थेट थांबते. दोन्ही कॉक कायम उघडे ठेवणाऱ्याचंही हेच होतं. रोज एकच उघडा ठेवायचा आणि गाडी गुडगुडली की दुसरा. ही टाकी खोगिरासारखी फ्रेमच्या नळीवर बसते, म्हणून शेवटचं पेट्रोल दोन पायांत वेगळं उरतं. कॉक बंद असलेल्या बाजूचं पेट्रोल मधला उंचवटा ओलांडू शकत नाही. अशा वेळी गाडी उघड्या कॉकच्या बाजूला आडवी कलंडवायची, डुबुक असा आवाज येतो आणि पुढच्या पंपापर्यंतची सोय होते. घरी चेतक असलेल्यांना हे शिकवायला नको.

आता माझी फजिती. नव्या कॉकमधून पेट्रोल किती येतं हे मोजून घ्या, हे मी तिच्यामुळेच म्हणतो. एका जुन्या सामानाच्या बाजारात मी सुंदर क्रोमची जोडी घेतली. आट्यांत नीट बसली, एक थेंब गळली नाही. गावात गाडी मस्त चालायची. पण ब्रॉडवेजवळच्या फिश हिलच्या चढावर पूर्ण थ्रॉटल दिला की मैलभरात जीव गेल्यासारखी व्हायची. दोन मिनिटं थांबलं की पुन्हा ठणठणीत. मी प्लग बदलले, कंडेन्सर बदलला, एक कॉइलही बदलली. शेवटी वैतागून कॉक काढून आतून ड्रिलची बिटं घालून बघितली. तोंडाला ५ मिमीचं भोक, पण आतल्या फिरत्या भागाचं भोक जेमतेम अडीच, तेही थोडं तिरकं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल साठवणारं फ्लोट चेंबर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून गावात काही कळत नव्हतं.

हिशेब सोपा आहे. तुमची ६५० ताशी १०० किमीला लिटरमागे १८ किमी देत असेल तर तासाला साडेपाच लिटर, म्हणजे मिनिटाला ९० मिलिच्या आसपास पेट्रोल जळतं. चढावर पूर्ण थ्रॉटलला त्याच्या दुप्पट धरा. कॉकमधून मिनिटाला निदान ४००-५०० मिलि पडलं पाहिजे. माझ्यातून ८० पडत होतं. म्हणून नवा कॉक बसवला की नळी कार्बोरेटरपासून सोडवा, मापाच्या बाटलीत धरा आणि घड्याळ लावा. नळीत मध्येच कागदी फिल्टर घालायचा मोह टाळा. इथे पंप नाही, पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने उतरतं, त्याला कागद जड जातो. कॉकवरची बारीक जाळी पुरते.

ही मोजणी दोनदा करा, एकदा टाकीचं झाकण काढून आणि एकदा घट्ट लावून. झाकण लावल्यावर धार हळूहळू मंदावत गेली तर कॉकला हात लावू नका. झाकणात हवा यायला एक बारीक भोक असतं, ते गंजाने किंवा मेणाच्या पॉलिशने बुजलंय. सुईने मोकळं करा.