शब्दचर्चा : शब्दकोड्यातलं ‘लाइट’ म्हणजे काय?

प्रश्न : लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये शनिवारी येणारं ‘लिसनर’ शब्दकोडं सोडवायला घेतलं आहे. त्याच्या प्रस्तावनेत ‘लाइट’ हा शब्द वारंवार येतो. लाइट म्हणजे पांढरी घरं, की उत्तर? मराठीत त्याला काय म्हणावं?

दोन्ही नाही. सूत्र (म्हणजे ‘क्लू’) सोडवून हाती येतं ते उत्तर. चौकटीत प्रत्यक्ष लिहिलं जातं ते लाइट. रोजच्या कोड्यात ही दोन्ही एकच असतात, म्हणून वेगळ्या शब्दाची गरज भासत नाही. ‘लिसनर’मध्ये मात्र त्यांची अनेकदा फारकत होते, आणि खरी गंमत तिथूनच सुरू होते.

शब्द शब्दकोड्याहून जुना आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात दुहेरी ॲक्रॉस्टिक हा खेळ लोकप्रिय होता. त्यात आडव्या शब्दांची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की एक शब्द मिळे, शेवटची वाचली की दुसरा. हे दोन उभे शब्द म्हणजे ‘अपराइट’ आणि आडवे ते ‘लाइट’. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’मध्ये आलं १९१३ साली. पुढे ब्रिटिश कोडेकारांनी जुनी संज्ञा नव्या खेळात आणली. चेंबर्सच्या इंग्रजी शब्दकोशात हा अर्थ नोंदलेला आहे, आणि ‘लिसनर’ सोडवणाऱ्याच्या हाताशी तोच कोश असावा लागतो.

‘लिसनर’ हे मुळात बीबीसीचं साप्ताहिक. कोडं त्यात १९३० पासून येई. १९९१ मध्ये साप्ताहिक बंद पडल्यावर ते ‘टाइम्स’कडे गेलं. चौकटीत सहसा काळी घरं नसतात, शब्द जाड रेघांनी तोडलेले असतात. प्रत्येक कोड्यामागे एक विषय दडलेला असतो आणि त्या विषयाच्या हुकमानं उत्तरं बदलून भरायची असतात. कधी उलटी, कधी एखादं अक्षर गाळून, कधी सांकेतिक लिपीत. ‘प्लेफेअर’ प्रकारात काही उत्तरं इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८५४ मध्ये शोधलेल्या पद्धतीनं सांकेतिक करून भरतात. उत्तर ठाऊक असतं, पण त्याचं लाइट आडव्याउभ्या शब्दांच्या छेदांतून हळूहळू गोळा करावं लागतं; दोन्हींची तुलना करून मग संकेतशब्द, म्हणजे ज्या शब्दावर ती सांकेतिक लिपी बेतलेली असते तो, काढायचा. मला हा प्रकार सर्वांत देखणा वाटतो.

मराठीत करून पाहू. दोन सूत्रं देतो :

कर्दमाचे तोंड, मग मळ. तरी लक्ष्मीचे आसन (३)
वाळवंटाचा आधार (३)

पहिल्यात कर्दमाचं तोंड ‘क’, त्यापुढे ‘मळ’. उत्तर ‘कमळ’. दुसऱ्यात दोन अर्थ शेजारी बसवले आहेत : वाळवंट आणि आधार. उत्तर ‘सहारा’. आता समजा चौकटीत दोन्हींसाठी दोनदोनच घरं आहेत आणि प्रस्तावना म्हणते, ‘प्रत्येक उत्तरातून एक अक्षर गाळा’. लाइट झाली ‘कळ’ आणि ‘सहा’. दोन्ही धड शब्द आहेत, त्यामुळे नुसती भरलेली चौकट पाहणाऱ्याला शंकाही येणार नाही. गाळलेली अक्षरं मात्र ‘म’ आणि ‘रा’. ती उलटी वाचली की वाल्या कोळ्याची गोष्ट माहीत असलेल्या कुणालाही विषय कळेल. म्हणून अशा कोड्यात उत्तर आधी सूत्राशेजारी लिहावं, चौकटीत घाई करू नये. कंसातला आकडा उत्तराचा की लाइटचा, तेही प्रस्तावनेत नीट पाहावं.

आता मराठी शब्द. ‘प्रकाश’, ‘उजेड’ असं काही करू नये. कोड्याच्या संदर्भात त्यातून अर्थबोध होत नाही. मी ‘नोंद’ सुचवेन. ‘उत्तर कमळ, नोंद कळ’ हे वाचणाऱ्याला लगेच समजतं. मराठी कोडीप्रेमींत ‘लाइट’ रुळलं तरी माझी हरकत नाही, फक्त ते ‘उत्तर’ या अर्थी वापरू नये.

अक्षर गाळण्याच्या खेळाला मात्र नवा शब्द घडवायची गरजच नाही. ब्रिटनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९७२ पासून अनेक दशकं कोडी देणारे कोडेकार ॲझेड (हे टोपणनाव) ‘लेटर्स लेटंट’ नावाचा प्रकार देत, त्यात उत्तरातलं एक अक्षर जिथे जिथे येईल तिथून काढून नोंद करायची असते. आपल्याकडे सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या करमणुकींची यादी आहे, त्यात अक्षरच्युतक, मात्राच्युतक आणि प्रहेलिका ही नावं आहेत. अक्षरच्युतक म्हणजे अक्षर गाळलं की दुसराच अर्थ निघेल अशी रचना. तेराशे वर्षांची ही संज्ञा आपण हक्कानं वापरावी.

मात्राच्युतक, म्हणजे स्वरचिन्ह गाळण्याचा खेळ, तर इंग्रजी कोडेकाराला सहज साधणारच नाही, कारण तिथे स्वर स्वतंत्र अक्षर होऊन वेगळं घर अडवतो. आपल्याकडे घरात अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे स्वरचिन्ह काढलं तरी घरांची संख्या तीच राहते. नुसता काना काढून पाहा : ‘बाळ’चं ‘बळ’ होतं, ‘राजा’चा ‘रज’, ‘वारा’चा ‘वर’. काना-मात्रेतला काना गेला तर ‘शोष’चा ‘शेष’ आणि ‘पोर’चं ‘पेर’. अशा जोड्या पुष्कळ सापडतात. पूर्ण चौकट भरेल एवढ्या जमवणं कष्टाचं आहे, पण अशक्य नाही. ‘लिसनर’च्या शीर्षकात बहुधा युक्तीचा सुगावा लपवलेला असतो, त्या रिवाजानं या कोड्याला शीर्षक द्यावं ‘कानाडोळा’.