मनात द्वेष नसतानाही भेदभाव होतो का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एक काकू (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) माझ्याकडे आल्या, त्या स्वतःच्या मुलाने त्यांना 'वर्णद्वेष्टी' म्हटल्यामुळे. वरची खोली भाड्याने द्यायची होती. आफ्रिकेतून शिकायला आलेला एक विद्यार्थी अनामत घेऊन आला, तेव्हा त्यांनी "खोली गेली" असे सांगितले आणि पुढे तीच खोली मालवणच्या एका मुलाला अनामत न घेताच दिली.

"ताई, मला त्याचा राग नव्हता हो. हा आपला वाटला, म्हणून दिली. यात द्वेष कुठे आला?"

राग नव्हता, हे मला खरेच वाटले. परंतु भेदभावाला रागाची गरज असतेच असे नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडच्या ब्रिस्टलमधील 14-15 वर्षांच्या शाळकरी मुलांचे क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांच्या आवडीचे निमित्त सांगून गट पाडले. हे प्रयोग 1971 साली प्रसिद्ध झाले. या गटांमागे ना जुने वैर होते, ना मैत्री. तरीही इतरांना पैसे वाटताना मुलांनी स्वतःच्या गटाला झुकते माप दिले, आणि कित्येकदा तर दुसऱ्या गटाशी अंतर राहावे म्हणून आपल्या गटाला मिळणारी रक्कम कमी झालेलीही चालवून घेतली. मला हा दुसरा भाग अधिक अस्वस्थ करतो.

"मग आपल्या माणसाला मदतच करायची नाही का?" हा काकूंचा प्रश्न रास्त होता. बडोद्यातील कितीतरी मराठी कुटुंबे अशाच ओळखीपाळखीतून येथे स्थिरावली आहेत. मात्र खोली एकच असते, तेव्हा एकाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या वाट्यातून जाते. शिकागो आणि बोस्टनमधील 2004 च्या एका अभ्यासात नोकरीच्या तुल्यबळ अर्जांवर गोऱ्या समाजात रूढ असलेली नावे घातली, तेव्हा कृष्णवर्णीयांमध्ये रूढ असलेल्या नावांपेक्षा मुलाखतीसाठी सुमारे 50 टक्के अधिक विचारणा झाली. नाकारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तिरस्कारच होता, असे त्यावरून म्हणता येत नाही. ज्याला नाकारले, त्याला मात्र त्याने काही फरक पडत नाही.

'वर्णद्वेष्टी' या शिक्क्यावर मी फार वेळ घालवला नाही. पुढच्या वेळी भाडेकरूला भेटण्यापूर्वीच अटी लिहून ठेवाव्यात आणि त्या सर्वांना सारख्याच लावाव्यात, एवढे सुचवले. "मांसाहार नको, हे लिहू का?" असे त्यांनी फोनवर विचारले. मी म्हटले, "लिहा की, फक्त वरच्या मुलालाही आजच सांगावे लागेल." तो दर रविवारी सुकट भाजतो. काकूंनी ती अट लिहिली नाही.