शिप, शीप आणि शेपर्ड

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: मुलीच्या इंग्रजी तोंडी परीक्षेसाठी शिप–शीप, पुल–पूल, पेन–पॅन यांतला फरक कसा पक्का करून घ्यावा? क्लासमध्ये 'दीर्घ असेल तिथे ओढून म्हणा' एवढंच सांगतात.

हे 'ओढून म्हणा' जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, कानावर येतं आणि ते साफ चूक आहे. शिप कितीही ओढली तरी तिची शीप होत नाही. शेवटी ब, ड, ग आले की इंग्रजीत आधीचा स्वर लांबतो, प, ट, क आले की आखडतो. त्यामुळे 'बिड'मधला स्वर 'बीट'मधल्याइतकाच लांब भरू शकतो, तरी ऐकणाऱ्याचा घोळ होत नाही. फरक जिभेच्या जागेत आहे.

आपल्या कानाला तो सापडत नाही, कारण मराठीत ह्रस्व-दीर्घ बहुतेक वेळा स्वर शब्दात कुठे येतो त्यावरून ठरतं. मीठ, पण मिठाचा, मिठागर. फूल, पण फुलाचा, फुलारी. शब्द वाढला, स्वर आखडला, अर्थ तोच राहिला.

आणि हेच इंग्रजीतही घडलंय! मेंढी जर शीप, तर मेंढपाळ 'शेपर्ड' कसा? मध्ययुगीन इंग्रजीत मेंढीचा उच्चार होता शेऽप, लांब ए. स्पेलिंगमधले दोन 'ई' ही त्या लांब ए-चीच खूण. पुढे 'हर्ड' (राखणारा) जोडून शब्द वाढला तेव्हा मिठागराप्रमाणे इथेही स्वर आखडला. मग साधारण पंधराव्या शतकापासून इंग्रजीतले लांब स्वर वर सरकत गेले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सनने त्याला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' म्हटलं. शेऽपचं शीप झालं, शेपर्डमधला आखूड 'शे' मात्र जागचा हलला नाही. कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, डीप–डेप्थ याच घरातले. जहाजाच्या शिपमधला इ पहिल्यापासून ह्रस्व, म्हणून तोही तिथेच राहिला. शिप आणि शीप यांचे स्वर असे मुळातच वेगळे आहेत.

माझा राग आहे तो ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्सवर. फरक त्याला पुरता ठाऊक होता, तरी १९१७च्या उच्चारकोशात त्याने दोन्हींना एकच चिन्ह दिलं, एकापुढे फक्त दोन टिंबं. 'ओढून म्हणा' तिथूनच आलं, असं माझं ठाम मत आहे. त्याच कोशाचा नंतरचा संपादक गिम्सन, त्याने १९७७च्या आवृत्तीत शिपला वेगळं चिन्ह दिलं. क्लासमध्ये अजून ती टिंबंच शिकवतात.

अहिराणी बोलणाऱ्या मुलीला हे सोपं जावं. 'तुनं नाव काय शे?' यातला 'शे' म्हणायचा, तिथून 'शी'कडे निघायचं आणि अर्ध्यात थांबायचं, ओठ सैल ठेवून. हा शिपचा स्वर. शीपला ओठ फाकवायचे, जीभ पार वर टाळूकडे न्यायची. मग मोबाइलवर इंग्रजी निवडून बोलून टाइप करून पाहा. सुटा शब्दच म्हणा. वाक्यात मोबाइल संदर्भावरून अंदाज बांधतो.

पुलला ओठ सैल, पूलला चंबू. पॅनला जबडा पेनपेक्षा बराच खाली. शासनाने २००९मध्ये ॲ वर्णमालेत घेतला, तरी बँकेत 'पेन कार्ड आणलंय का?' चालूच आहे.