सरकारी बाबूंना लाचखोरीविरुद्धचं पहिलं ट्रेनिंग देतोयस तर ऐक जरा

अरे, कलमांची स्लाइड लावून उभा राहू नकोस, बाबू लोक अर्ध्या तासात पोहे-जिलबीच्या ब्रेकची वाट बघायला लागतात. इंदूरला माझ्या पहिल्या सेशनला समोर दोघं चक्क घोरत होते! त्यापेक्षा लाच घेताना रंगेहाथ पकडायचा ट्रॅप कसा लावतात ते सांग, नोटांना फिनॉल्फ्थेलिनची पावडर, मग लाच घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी, सगळे जागे होतात बघ. मग हळूच 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यावर ये, 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि 7 दिवसांत कळवलं तर सुटका, हे खूप जणांना माहीतच नसतं.

अनुदानाचा भाग मात्र घाईत उरकू नको, खरी गोम तिथेच आहे. पैसा थेट खात्यात जातो म्हणून गडबड संपली असं नाही रे, यादीत नाव कोण घालतं, खातं खरं कोणाचं? खोटी नावं घुसवलेली एक यादी बनवून ने आणि त्यांच्याकडूनच शोधून घे. आणि उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे अनुदान ठरल्या कामावर खर्च झालं असं लिहून देतात त्या कागदावर, खर्चाआधीच सही होते का असं सहज विचार, कोण खाली बघतं ते बघ.